आम्ही कागदावर मारलेला शिरीष

माझ्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये सुट्या बटणांचा एक डबा आहे. ती बटणं मी कधी मुद्दाम जमवली नाहीत. कुणाच्या ब्लाउजचं तुटतं, कुणाच्या शर्टाचं उरतं, कुणी "राहू दे ताई तुमच्याकडंच" म्हणून सोडून जातं, आणि डबा आपला भरत जातो. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपचे किस्से तसेच साठलेत. टाकून द्यावेत तर जीव होत नाही, आणि ठेवावेत तर शहाण्या माणसांसमोर काढण्यासारखे नाहीत.

तुम्ही आपलेच आहात म्हणून सांगते.

ग्रुपचं नाव 'रविवार पायपीट मंडळ'. निम्मे आम्ही साताऱ्याचे, निम्मे सांगली-इस्लामपूरकडचे. सातारकरांनी सांगलीला जायचं की सांगलीकरांनी साताऱ्याला यायचं, यावर आमची वर्षभर चर्चा चालली होती. त्या वर्षात ट्रेक एकही झाला नाही. शेवटी मधला म्हणून कडेगावजवळचा एक डोंगर ठरला आणि गेल्या पावसाळ्यापासून आम्ही तिथं जायला लागलो.

म्होरके सुभेदार कदम. मिलिटरीतून रिटायर झालेत, पण हे त्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. रविवारी सकाळी सातला "फॉलिन!" अशी आरोळी. सात वाजून एक मिनिटानं आलेला माणूस समोर उभा असला तरी ॲबसेंट!

एकदा सांगलीकडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या गायकवाड मॅडम आम्हाला भेटायला आल्या. म्हणाल्या, "तुम्ही तसेही डोंगरात फिरताच. जाता-येता झाडांकडं बघा. साल फाटलेली दिसली, डिंक गळताना दिसला, बुंध्यावर बुरशी दिसली की फोटो काढून ॲपवर टाका. झाडांचे रोग वेळेत कळतील. आजपासून तुम्ही नागरिक शास्त्रज्ञ!"

दहावीला विज्ञानात मला एक्केचाळीस मार्क होते. तिथून थेट शास्त्रज्ञ! मधलं काही कुणी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

आमचं ऑफिस म्हणजे डोंगराच्या पायथ्याचा, रस्त्याकडेचा मोठा शिरीष. त्याच्याखाली हिराबाईंची टपरी. तिथं चहा, कांदाभजी आणि हिराबाईंचं मत, तिन्ही गरम मिळतात. रस्ता रुंद झाल्यापासून त्या बाजूला लांबवर दुसरं मोठं झाड उरलेलं नाही. ट्रॅक्टरवाले, दुधाचे टेम्पो, मोटरसायकलवरची जोडपी, सगळी थांबतात ती सावलीला. थांबल्यावर मग चहा पितात.

हिराबाई सांगायच्या, "माजं दुकान म्हंजे ह्यो शिरस हाय, ताई. मी नुस्ती स्टोपाशी बसते."

हे वाक्य लक्षात ठेवायला हवं होतं. आम्ही नाही ठेवलं.

*

पहिल्या रविवारी पहिल्या झाडाभोवती आम्ही अकरा जण उभे. एका झाडाला पाऊण तास लागला. प्रत्येकाला स्वतःचाच आजार त्या झाडात दिसत होता. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना फांद्यांचे सांधे सुजलेले दिसले. ज्यांना शुगर आहे ते म्हणाले, "डिंक गळतोय म्हणजे गोडाचाच काहीतरी प्रॉब्लेम."

अण्णा चौगुल्यांना मात्र खात्री होती. अण्णा कवठे महांकाळकडचे द्राक्षबागायतदार. जन्म सगळा द्राक्षांवरच्या रोगांशी भांडण्यात गेला. जगातल्या कुठल्याही पानावर पांढरं दिसलं की त्यांच्या मते ती भुरी, काळं दिसलं की करपा. तिसरा रंग त्यांनी मान्य केलेला नाही.

"भुरी हाय ही," अण्णा एका करंजाचं पान धरून म्हणाले. "लेट झालाय. आजच्या आज फवारा पायजे."

मॅडमनी ते पान हातात घेतलं आणि ओढणीच्या टोकानं पुसलं. पान हिरवंगार झालं. रस्त्याची धूळ होती.

अण्णांनी ते मनावर घेतलं नाही. पुढच्या रविवारी ते पाठीला फवारणीचा पंप अडकवून आले! डोंगर चढायला सगळ्यांच्या पाठीला पाण्याची बाटली, यांच्या पाठीला औषधाचा पंप. मॅडम हात जोडून म्हणाल्या, "अण्णा, आपण औषध मारायचं नाही. आपण फक्त बघायचं आणि नोंद करायची."

"बघून रोग जातो व्हय, मॅडम?" अण्णांनी विचारलं. "मग मी बी बागंत खुर्ची टाकून बसतो की! निस्तं बघत!"

*

रोगाच्या नोंदीबरोबर झाडाच्या बुंध्याचा घेरही मोजायचा होता. ॲपमध्ये लिहिलं होतं, 'घेर छातीच्या उंचीवर मोजावा.' टेपची जबाबदारी माझ्याकडं, कारण टेप माझाच. तो साठ इंची. ब्लाउजला पुरतो, शिरीषाला पुरेना. मग दोन टेप सेफ्टी पिन लावून जोडले. त्या झाडाची मापं मी इतक्या काळजीनं घेतलीत की वेळ आली तर त्याला झंपर शिवून देऊ शकेन.

ऑक्टोबरमध्ये शिरीषाचा घेर स्नेहलनं घेतला. स्नेहल इस्लामपूरची, घरी बसून पुण्याच्या कंपनीत काम करते. मोबाईलमधलं सगळं कळणारी ग्रुपमधली एकटीच. उंची पाच फूट. नोव्हेंबरमध्ये घेर मी घेतला, मी तिच्यापेक्षा जराशी उंच. डिसेंबरमध्ये सुभेदारांनी घेतला. सुभेदार सहा फूट एक इंच. झाडाचा बुंधा वर जाईल तसा बारीक होतो, हे आम्ही दर रविवारी बघत होतो. पण बघणं वेगळं आणि नोंद वेगळी.

जानेवारीत मॅडमचा फोन आला. आवाज घाबरलेला. "तुमचा शिरीष दर महिन्याला बारीक होतोय! असं कधी बघितलं नव्हतं. नवीन रोग आहे का हा?"

सुभेदारांनी लगेच टपरीवर मीटिंग बोलावली. खत कमी पडतंय, बोअर मारून पाणी संपलंय, मोबाईलच्या टॉवरमुळं होतंय, सगळं बोलून झालं. अर्ध्या तासानं हिराबाईंनी झारा कढईच्या काठावर आपटला.

"आवं, झाड हाय तितंच हाय. मोजनारी मानसंच बुटकी-उंच हायत!"

त्यानंतर साडेचार फुटांवर खूण केलेली काठी आली. ती आयडिया आपलीच, असं सुभेदार आजही सांगतात.

*

जानेवारीत मग लग्नं, हुरडा आणि सुभेदारांचा गुडघा यांमुळं तीन रविवार खाडा झाला. फेब्रुवारीत आलो तेव्हा शिरीषावर एक पान नव्हतं. नुसत्या वाळक्या पिवळट शेंगा लोंबत होत्या आणि वाऱ्यानं खुळखुळत होत्या.

अण्णा आले नव्हते, त्यांच्या बागेत द्राक्षांची काढणी चालू होती. हिराबाईंची टपरी बंद, लेकीच्या बाळंतपणाला त्या पलूसला गेलेल्या. म्हणजे झाडातलं ज्यांना कळतं अशी दोन्ही माणसं नेमकी नाहीत. उरलो आम्ही नऊ शास्त्रज्ञ.

सुभेदारांनी झाडाला दोन चकरा मारल्या. बुंध्यावर काठीनं ठोकलं, कान लावला आणि म्हणाले, "खलास."

स्नेहल म्हणाली, "सर, ॲपमध्ये पाच ऑप्शन आहेत. निरोगी, थोडं आजारी, जास्त आजारी, मरणाच्या वाटेवर आणि मेलेलं."

"मरणाच्या वाटेवर टाकूया का?" मी हळूच म्हणाले.

"ताई, आर्मीत वाटेवर वगैरे नसतं. माणूस एकतर आहे, नाहीतर नाही!"

तरी आम्ही लोकशाही मानणारे. मतदान घेतलं. दोघं पाणी आणायला गेले होते, बाकी सातही हात वर झाले. त्यातला एक हात माझा होता. फोटोही मीच काढला. जमिनीवर बसून, मागं कोरं आभाळ येईल असा. झाड होतं त्याच्यापेक्षा जास्त वाळकं दिसलं. स्नेहल म्हणाली, "काकू, भारी आलाय!" मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

खाली आणखी एक प्रश्न होता, 'रस्त्याला धोका आहे का?' आमच्याकडं कुठलाही रकाना मोकळा सोडायचा नाही असा नियम आहे. सुभेदारांनी 'होय' दाबायला लावलं.

मग त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. "सावधान! दोन मिनिटं मौन!"

आम्ही माना खाली घालून उभे. वर शेंगा खुळखुळतायत. तेवढ्यात उसाचा एक ट्रॅक्टर येऊन थांबला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली, हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं, साहेब?"

सुभेदारांनी काठीनं वर दाखवलं.

त्यानं वर बघितलं. आमच्याकडं बघितलं. टोपी घातली आणि ट्रॅक्टर चालू करून निघून गेला.

*

त्या दिवशी आमचा उत्साह शिरीषावर थांबला नाही. डोंगर चढताना पळस दिसले, पांगारे दिसले, काटेसावरी दिसल्या. पान कुणावरच नाही. ॲपच्या नकाशावर मेलेल्या झाडाला लाल ठिपका येतो. दुपारपर्यंत आमचा डोंगर गोवर आल्यासारखा दिसायला लागला.

मॅडमचा फोन आला, "तिथं वणवा लागलाय का?"

"नाही मॅडम. साथ आहे," सुभेदार म्हणाले.

मॅडमच्या कॉलेजात परीक्षा होत्या. त्यांना यायला तीन आठवडे लागले. तीन आठवडे त्या बाईंच्या डोळ्याला डोळा नव्हता म्हणे. आल्या तेव्हा पायथ्याशीच थांबून वर बघत राहिल्या. पळस फुलला होता. पांगारा फुलला होता. सावरीवर पक्ष्यांची भांडणं चालली होती. सगळा उतार लालभडक.

"ही झाडं मेलेली आहेत?" मॅडमनी विचारलं.

सुभेदार म्हणाले, "काही जिवंत निघाली, मॅडम."

"किती?"

"सगळी."

मग मॅडमनी आम्हाला पानगळ शिकवली. हा धडा मला शाळेतही होता. शिरीषसुद्धा दरवर्षी असाच उघडा होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पालवतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा अण्णा तिथंच होते. ते पोट धरून हसले. "आवं, मग माझ्या बांधावरचा शिरस दरसाल मरतोय म्हनायचा! आनि आमी कवा सुतक न्हाई पाळलं!"

मॅडमनी डोंगरावरची सगळी मेलेली झाडं त्यांच्या यादीतून काढली. शिरीष तेवढा राहिला. 'रस्त्याला धोका' म्हटल्यामुळं ती नोंद परस्पर रस्त्यांच्या ऑफिसात गेली होती.

"जाऊ दे हो," सुभेदार म्हणाले. "सरकारी ऑफिसात कोण वाचतंय!"

आमच्या नशिबानं, वाचलं.

*

एप्रिलात शिरीष पानांनी भरून गेला होता. हिराबाई परतल्या होत्या, कढई तापली होती, आणि बुंध्यावर एक नोटीस चिकटवलेली होती. 'सदर झाड पूर्णपणे वाळलेले व धोकादायक असल्याचे जागरूक नागरिकांनी कळविले असून ते तोडण्यात येणार आहे.'

हिराबाईंनी सगळ्यांच्या हातात चहा दिला आणि पदर खोचून उभ्या राहिल्या.

"मला येक सांगा. तुमी शिकल्याली मानसं. ह्ये जागरूक नागरिक म्हंजे कोन?"

आम्ही नऊ जण चहात बघायला लागलो.

"डोळं फुटल्यालं कोन मेलं हुतं हितं? हिरव्या झाडाला वाळल्यालं म्हनतंय! ह्ये झाड गेलं तर मी बसू कुटं? उनात कोन थांबतंय च्या प्यायला?"

 शेवटी सुभेदार कदम, ज्यांनी बर्फात सीमेवर पहारे दिले, शत्रूकडं डोळे रोखून रात्री काढल्या, ते घसा खाकरून म्हणाले,

"चहात साखर जरा कमी आहे का?"

*

घरी जाऊन स्नेहल कामाला लागली. तिला वाटलं होतं, ॲपवरचं 'मेलेलं' पुसून 'निरोगी' लिहायचं, विषय संपला. पण ॲपमध्ये आजारी झाड बरं करता येतं, मरणाच्या वाटेवरचं परत आणता येतं. 'मेलेलं' दाबलं की पान बंद होतं आणि खाली येतं, 'ही नोंद पूर्ण झाली. आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद!'

तिनं ॲपच्या मदत केंद्राला लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं. 'मृत वृक्षाची पुन्हा नोंद करता येत नाही. त्या जागी नवीन रोप लावल्यास त्याची नोंद करावी.'

स्नेहल हट्टी. तिनं शिरीषाची नोंद नवीन रोप म्हणून केली. जागा तीच. लागवडीची तारीख कालची. उंची साठ फूट.

दुसऱ्या दिवशी तिच्या मोबाईलवर मेसेज आला, खाली फुगे उडतायत.

'अभिनंदन! तुमचं रोप छान वाढतंय!'

*

आता हिराबाईंना खरं सांगणं भाग होतं. सुभेदार म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा. बायकांचं बायकांना कळतं." एवढ्या रविवारांत त्यांनी पहिल्यांदाच मला कमांड दिली.

मी रविवारची वाट बघितली नाही. मंगळवारी एसटीनं गेले. हिराबाई कांदा चिरत होत्या. मी म्हणाले, "हिराबाई, ते आम्हीच कळवलं. फोटो मी काढला. पान नव्हतं म्हणून मेलं वाटलं."

त्यांची सुरी थांबली नाही. कांदा चिरून झाला, पिठात पडला, पहिला घाणा तळून निघाला. मला वाटलं, आता झारा माझ्यावर येतोय. त्यांनी बशी पुढं केली.

"खावा."

मी एक भजं उचललं. त्या मग कढईकडं बघतच बोलल्या. "सोळा वर्सं झाली हितं बसतीया. दोन लेकींची लग्नं ह्या सावलीवर केली. ती रस्त्याची मानसं पल्याड जागा देतो म्हनत्यात, पर पल्याड काय हाय? डांबार आन ऊन." त्यांनी दुसरा घाणा सोडला. "इच्यारायचं हुतं की वो, ताई. मी मेली न्हवती, पलूसला गेलती. फोन हाय माज्याकडं."

एवढा साधा उपाय आमच्या नऊ जणांत एकालाही सुचला नव्हता.

पुढच्या रविवारी सुभेदार आले ते टपरीच्या चार पावलं लांबच उभे राहिले. हिराबाईंनी तिथूनच हाक मारली. "आवं सुबेदार! ज्या तोंडानं मारलासा, त्याच तोंडानं जित्तं करून आना! मग च्या प्यायला या."

*

म्हणून सुभेदार आणि मी रस्त्यांच्या ऑफिसात गेलो. सुभेदारांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, मी फाईल घेतली होती. फाईलमध्ये हिरव्यागार शिरीषाचे बारा फोटो.

क्लार्कनी एक फोटो उचलून बघितला. "हा कधीचा?"

"कालचा."

"कशावरून? फोटो कधीचाही असतो. आमच्याकडं आहे तो बघा." त्यांनी काढून दाखवला. माझाच. मागं कोरं आभाळ. खरंच भारी आला होता.

मी म्हणाले, "साहेब, झाड जिवंत आहे. येऊन बघा ना."

"बाई, हयातीचा दाखला पाहिजे. आम्ही म्हणतो म्हणून कुणी जिवंत होत नाही."

सुभेदारांना हे पटलं. ते मला समजावून सांगायला लागले, "बरोबर आहे त्यांचं, ताई. मी स्वतः दर नोव्हेंबरला पेन्शनसाठी बँकेत समोर उभा राहतो, तरी कागद मागतात."

मी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. 

क्लार्क म्हणाले, "एक करा. ज्यांनी झाड मेलं म्हणून कळवलं, त्यांच्याकडून लेखी आणा."

"तो मीच," सुभेदार ताठ होऊन म्हणाले.

"तुम्हीच? मग तेव्हा खोटं कळवलंत की आता खोटं बोलताय?"

सुभेदारांनी एक मिनिट विचार केला. त्या माणसाला मी कधी माघार घेताना बघितलेलं नाही. पण त्या दिवशी ते हळू आवाजात म्हणाले, "साहेब, तेव्हा मूर्ख होतो."

क्लार्कनी फॉर्म उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"त्याला रकाना नाही."

*

एप्रिलच्या शेवटी तोडणीचा दिवस आला. वार बुधवार, तरी आम्ही सगळे हजर. अण्णा बाग सोडून आले होते, स्नेहलनं सुट्टी टाकली होती, मॅडमनी तीन पानी रिपोर्ट टाईप करून आणला होता. हिराबाईंनी रोजच्यासारखी कढई चढवली होती. त्या बोलत मात्र नव्हत्या, आणि हिराबाई गप्प म्हणजे काय ते टपरीवर बसणाऱ्यालाच कळेल.

आधी तोडणारी माणसं आली. मशीनची करवत, दोरखंड, कुऱ्हाडी. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं. त्यांनी सामान उतरवलं आणि शिरीषाच्या बुंध्याला टेकून भाकरी सोडली. साहेब आल्याशिवाय हात लावायचा नाही, अशी ऑर्डर होती.

बाराच्या सुमाराला रस्त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांची पांढरी जीप आली. ड्रायव्हरनं ती रस्त्यावरून वळवून, मागंपुढं करून, झाडाखाली नीट लावली. साहेब उतरले. कपाळावरचा घाम पुसला आणि तडक टपरीच्या बाकावर येऊन बसले.

मॅडमनी रिपोर्ट पुढं केला. "सर, झाड पूर्ण निरोगी आहे. फेब्रुवारीतली नोंद पानगळीतली होती..."

"मॅडम, मी तुमच्या शास्त्रात पडत नाही," साहेब म्हणाले. "माझ्याकडं कागद आहे."

सुभेदार पुढं झाले. "सर, कळवणारा मी. चूक माझी."

"तुमचं नाव नाही त्यात. जागरूक नागरिक असं आहे."

अण्णा म्हणाले, "साहेब, निस्तं वर तरी बघा की वो!"

"वर बघायची गरज नाही. तपासणी झालेली आहे." साहेबांनी फाईल उघडली. हिराबाईंनी त्यांच्यासमोर चहाचा ग्लास ठेवला. एक घोट घेऊन साहेब मोठ्यानं वाचायला लागले. "सदर झाड पूर्णपणे वाळलेले असून..." फाईलवर वरून शिरीषाचं एक फूल पडलं. साहेबांनी ते फुंकून उडवलं. "...पूर्णपणे वाळलेले असून, त्यास एकही पान शिल्लक नाही."

त्यांनी सहीसाठी पेन काढलं. माझ्या शेजारी स्नेहलनं माझा हात घट्ट धरला.

हिराबाई फडक्याला हात पुसत बाकापाशी आल्या. अगदी नरम आवाजात म्हणाल्या,

"साहेब, तुमची गाडी तेवढी उनात लावायला सांगा की."

"का हो? गिऱ्हाइकाला अडचण होतेय का?"

"तसं न्हाई. मेल्याल्या झाडाला सावली कुटली? तुमच्या कागदात न्हाई ती. गाडी तिच्यात हुबी ऱ्हायली तर उद्या तुमालाच कोन तरी इच्यारंल."

 भाकरी खाणाऱ्यांचे घास थांबले. ड्रायव्हर साहेबांकडं बघायला लागला.

साहेबांनी जीपकडं बघितलं. मग मान वर केली. बराच वेळ वर बघत राहिले. मग पेनला टोपण लावलं, फाईल मिटली आणि तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.

"गाडी अजून थोडी आत घे रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "बॉनेटवर ऊन येतंय."

करवतवाला उठून उभा राहिला. "साहेब, मग आमी काय करू?"

"तुम्ही पण सरका आत."